चतुःसीमा

इंद्रभवनाच्या जिन्यापाशी नकाशा लावलाय.
लाल रेघ कन्ना चौकाकडून येते,
बरीच सरळ चालते,
आणि आमच्या बोळाच्या तोंडाशी आल्यावर
काहीतरी विसरल्यासारखी डावीकडे वळते.
सतरा घरं तिकडे. बाकी आम्ही इकडे.
नळ मात्र दोन्हीकडे एकाच रात्री येतो, पाचव्या दिवशी.

मी चाळीस वर्षं जेकार्डची कार्डं पंच केली.
चादरीवरचा मोर गावोगावच्या लोकांनी पांघरला,
त्याच्या मानेचं एकेक भोक माझ्या हातचं.
एक भोक चुकलं
की चोच पिसाऱ्यात घुसते
आणि शेठ ओरडतो विणकरावर.
म्हणून साहेब, नक्षी राहू द्या.
मला कार्डं दाखवा.

"कसली कार्डं, मामा?"
प्रगणक गटांची. कुठला गट कुठं संपतो,
त्यात माणसं किती,
कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं.
नावं नकोत. नुसती बेरीज.
"नकाशा आहे की ओ भिंतीवर.
फोटो तेवढा काढू नका."

दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज केला.
अर्जदार राजेशम चिट्याल, राहणार वरीलप्रमाणे.
एकोणतिसाव्या दिवशी पाकीट आलं:
मागितलेल्या नमुन्यात माहिती उपलब्ध नाही.
मी नमुना मागितलाच नव्हता.
नमुने मीच करतो.

रुकय्या बाई उर्दू शाळेतून रिटायर झाल्या.
अकरा साली आमच्या बोळात त्याच आल्या होत्या,
पुठ्ठ्याचं पॅड छातीशी धरून,
दारावरचा गेरूचा आकडा तपासत.
गाजुलांची सून तेव्हा माहेरी गेलेली, बाळंतपणाला,
तिला कुठं धरायचं म्हणून सासूशी अर्धा तास वाद.
"मी लिहिलं, मी जोडलं, खाली सही माझी," बाई म्हणतात,
"आता मीच विचारलं तर साहेब मीटिंगमध्ये."

अशोक चौकात, हॉटेलात,
इच्छुकाच्या भाच्याने लॅपटॉप उघडला होता.
त्यात आमचा बोळ पिवळा.
पिवळा म्हणजे काय रे?
तो हसला. माझ्यासाठी चहा सांगितला.
आम्ही मत कुणाला दिलं, त्याला ठाऊक.
आम्ही आहोत किती, ते आम्हाला ठाऊक नाही.

नागमणी सूप मांडीवर घेऊन बसली होती.
न बघता पंचवीसचा कट्टा बांधत म्हणाली,
"कारखान्यात माझी बिडी दोनदा मोजतात,
छाट किती काढली ते तोंडावर सांगतात.
तुमचं साहेब तेवढंही सांगंना?"

हरकत क्रमांक एकशे चौदा. तीन मिनिटं.
बोलायचं पाठ केलं होतं, सगळं विसरलो.
पिशवीतून एक जुनं कार्ड काढून पुढे ठेवलं.
साहेबांनी ते ट्यूबलाइटसमोर धरलं,
आणि उजेडाचे ठिपके
टेबलावरच्या नकाशावर सांडले,
रेघेच्या अलीकडे, पलीकडे,
रेघेवर.
त्यांनी थोडा वेळ बघितलं. खरंच बघितलं.
मग कार्ड परत दिलं.
"पुढचे."

रविवारी बाईंनी जुनं पॅड आणलं.
मी खडू घेतला.
रेघेपलीकडची सतरा घरंही धरली,
त्यांनीच हाका मारून बोलावलं.
एका दारात शेळी होती,
पोरांनी तिलाही लिहायला लावलं, मग खोडलं.
आकडे टिपायला गाजुलांची नात,
अकरा साली माहेरी जन्मलेली तीच,
अक्षर तिचं सगळ्यांत बरं.

शेवटच्या घराशी तिनं पेन थांबवलं.
"बाई, त्या वेळी मला कुठं धरलं होतं?"

रुकय्या बाई, ज्यांना नऊचा पाडा झोपेतही येतो,
चष्मा काढून
पदराने पुसत राहिल्या.